पार्टी खाली उभी आहे: कोथरूडच्या एका फ्लॅटचं प्रकरण

मावशीचा फ्लॅट कोथरूडमध्ये, नव्वदच्या दशकात बांधलेल्या तीन मजली सोसायटीत. दुसरा मजला, लिफ्ट नाही, दोन बेडरूम, हॉलला पूर्वेची गॅलरी. काका गेल्यावर चार वर्षं ती तिथं एकटीच राहत होती. वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, मुलगी, म्हणजे आमची ताई, ठाण्यात. २०२४ च्या मे महिन्यात घरात ठरलं की फ्लॅट विकायचा आणि ताईच्या शेजारी लहानसं घर घ्यायचं. काकांच्या हिश्शाचं हक्कसोडपत्र (बाकी वारसांनी आपला हक्क सोडल्याचा कागद) आधीच झालेलं होतं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर मावशीचं नाव चढलेलं होतं, कर्ज नव्हतं. कागद इतके सरळ असल्यामुळे दोन महिन्यांत काम होईल असं आम्ही धरून चाललो. घर दाखवणं हेही एक काम असतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मी तिचा भाचा, राहायला सिंहगड रोडला. त्यामुळे पुढचं सगळं अर्धं पाहिलेलं आणि अर्धं मावशीकडून फोनवर ऐकलेलं आहे.

जून ते ऑगस्ट

पहिली चूक माझी. एका संकेतस्थळावर जाहिरात टाकली आणि संपर्कासाठी मावशीचाच नंबर दिला. दोन दिवस फोन थांबेना. घेणारे त्यात दोनच, बाकी सगळे एजंट. मावशी कुणाला नाही म्हणत नाही, म्हणून चार एजंट लागले. चौघंही एकच वाक्य बोलायचे: "मॅडम, पार्टी खाली उभी आहे, पाच मिनिटं दाखवू का?" ही पार्टी बहुतेकदा दुपारी अडीचला उभी असायची, म्हणजे मावशी नुकती आडवी झाली की बरोबर.

मग किल्ल्या. गुडघे दुखतात, सारखं दार उघडायला उठायचं कशाला, आणि ती ठाण्याला गेली तर दाखवणार कोण, असं म्हणत तिघा एजंटांनी एकेक किल्ली नेली. एक वॉचमनच्या टेबलाच्या खणात गेली. दाराचं लॅच साधं, कोपऱ्यावरचा चावीवाला दहा मिनिटांत डुप्लिकेट करून देतो. गणपतीच्या सुमारास मी एकदा मोजणी केली. मावशीकडे दोन, ताईकडे एक, माझ्याकडे एक, समोरच्या काकूंकडे एक, कामाच्या बाईंकडे एक, एजंटांकडे तीन, वॉचमनकडे एक. दहा झाल्या. लॅच घेतलं तेव्हा सोबत तीन आल्या होत्या. सात कुणी, कधी करून घेतल्या हे कुणालाच सांगता येईना, आणि त्या सातांवरून पुढं आणखी किती झाल्या असतील हा विचार मी मावशीसमोर केला नाही.

एवढं करूनही घर दाखवायला सोपं झालं होतं का? तेही नाही. एक एजंट किल्ली घेऊन बाहेरगावी गेला, त्या आठवड्यात दुसऱ्याची पार्टी दारावरून परत गेली. कुणी येणार म्हणून मावशी सकाळपासून आवरून बसायची आणि कुणी यायचं नाही. कुणी न कळवता यायचं तेव्हा स्वयंपाकघरात ओट्यावर पसारा, गॅलरीत ओल्या साड्या, हॉलमध्ये नेब्युलायझर. अशा अवस्थेत पाहिलेलं घर कुणाला आवडणार? त्या अडीच महिन्यांत नक्की किती लोक येऊन गेले, तेही मला सांगता येत नाही, कारण कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

श्रावणातल्या मंगळवारी एक एजंट आठ माणसं घेऊन आला. दोन कुटुंबं एकदम, म्हणजे त्याचा फेरा वाचतो. दोघी स्वयंपाकघरात, एक गृहस्थ आतल्या बेडरूममध्ये भिंती ठोकून बघतोय, एका मुलाला बाथरूमला जायचंय, कुणी गॅलरीत फोनवर. मावशी हॉलच्या मधोमध उभी, कुणाच्या मागं जावं कळेना. वीस मिनिटांनी सगळे गेले. संध्याकाळी दिवा लावायला गेली तर देवघरातलं चांदीचं निरांजन नव्हतं.

ते कुणी नेलं हे आजही माहीत नाही. त्या दिवशीच गेलं का, हेही छातीठोक सांगता येत नाही. तक्रार द्यायची म्हटलं तर लिहायचं काय? गेटवरच्या वहीत नुसतं "फ्लॅट बघायला" अशी नोंद आणि पुढं मोबाइल नंबर, तो नऊ आकडी. एजंट म्हणाला, पार्टी जेन्युइन होती. आडनाव विचारलं तर त्यालाही आठवेना.

निरांजन गेलं त्याहून वाईट वेगळंच घडलं. चौदा वर्षं कामाला येणाऱ्या बाईंना मावशीनं सहज विचारलं, "तुला कुठं दिसलं का गं?" प्रश्न खरंच सहज होता, पण ऐकणाऱ्याला तो तसा वाटत नाही. त्या चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी मावशी गुडघे धरत जिना उतरून त्यांच्या घरी गेली, तेव्हा कुठं मिटलं. घरात कोण आलं याची नोंद नसली की संशय नेहमी ओळखीच्या माणसाकडं जातो. अनोळखी माणसाचं नावच नसतं ना.

तीन गोष्टी ज्या आम्हाला दिसल्याच नव्हत्या

निरांजनानंतर एका रविवारी मी त्या घरात अनोळखी माणसाच्या डोळ्यांनी फिरलो. दारातून आत आलो, चपला काढल्या आणि समोर काय दिसतं ते बघत गेलो.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय. त्यावर मावशीच्या सुबक अक्षरात: "२४ ते २८ ठाणे. दूध बंद." खाली पेन्शनची तारीख. त्याखाली "बँक, लॉकर, ११ वा." म्हणजे बाई कधी नसते, पैसे कधी येतात आणि सोनं घरातून कधी निघतं, एवढं सगळं एका पानावर. आणि हे पान आमच्या जाहिरातीतल्या फोटोतही होतं! स्वयंपाकघराचा फोटो मीच काढला होता. मोठा करून पाहिला, तर "ठाणे" वाचता येत होतं.

दुसरी गोष्ट कागदांची. एका एजंटानं "पार्टीच्या बँकेला दाखवायला" म्हणून इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा), लाइट बिल, आधार आणि पॅन व्हॉट्सॲपवर मागवले होते आणि मावशीनं पाठवलेही होते. सप्टेंबरात मला एका भलत्याच एजंटाचा मेसेज आला, "कोथरूड टू बीएचके, क्लिअर टायटल", आणि सोबत तीच पीडीएफ, मावशीच्या सहीसकट. मी तिचा कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. आता इंडेक्स टू हा काही गुप्त कागद नव्हे, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो कुणालाही शोधता येतो. भीती एकत्र गठ्ठ्याची असते. मालकाचा फोटो, सही, आधार, पॅन आणि फ्लॅटचा तपशील एका फाइलमध्ये असला की मालक म्हणून दुसरंच कुणी उभं करणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं. बंद पडलेले किंवा एकट्या वृद्धांचे फ्लॅट असे परस्पर विकले गेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

तिसरी गोष्ट जिन्यात कानावर आली. वरच्या पायऱ्यांवरून एक एजंट फोनवर सांगत होता, "अहो, लेडी सिंगल आहे, वयस्कर आहे, लगेच डील होईल." त्याच्या हिशोबी हा घासाघीस करायला दिलेला हुकमाचा पत्ता. एकट्या बाईचा पत्ता आपण गावभर वाटतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

पितृपक्ष

१८ सप्टेंबरला पितृपक्ष लागला आणि फोन आपोआप बंद झाले. त्या पंधरवड्यात घर बघायला कुणी फिरकत नाही, त्यामुळे आम्हाला आयती उसंत मिळाली. ताई चार दिवस रजा टाकून आली.

पहिलं काम लॅचचं. जुनं काढून कॉम्प्युटर किल्लीचं बसवलं, मजुरी धरून अडीच हजारांच्या आत. पाच किल्ल्या आल्या: मावशी, ताई, मी, कामाच्या बाई, आणि पाचवी समोरच्या काकूंकडे बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर माझी सही. बाईंना किल्ली द्यायची हा मावशीचा हट्ट होता आणि तो मला पटला. वॉचमनला दिली नाही, हे त्यांना आधी नीट सांगितलं. काही गेलं तर पहिलं बोट त्यांच्याकडं जाणार, ती जोखीम त्यांच्या गळ्यात कशाला? त्यांना बरंच वाटलं.

मग चांदी. दागिने लॉकरमध्ये होतेच, देवघराचा प्रश्न होता. मी म्हटलं, टाकही लॉकरमध्ये ठेवू. मावशी चिडली. "देव लॉकरमध्ये? त्यांना पाणी कोण घालणार, बँक मॅनेजर?" शेवटी टाक आणि चांदीची भांडी आमच्याकडं आली, माझ्या बायकोनं आमच्या देवांशेजारी मांडली. मावशीच्या देवघरात पितळी बाळकृष्ण आणि तसबिरी राहिल्या. पासबुकं, चेकबुकं, मूळ करारनामा एका पत्र्याच्या ट्रंकेत भरून तीही आमच्याकडं. औषधांचा डबा कपाटात. कालनिर्णय फ्रीजच्या आतल्या अंगाला, भिंतीकडं तोंड करून.

कागदांसाठी एक फाइल केली, घरात बसून बघण्यासाठी. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची पावती, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, प्रत्येकाची झेरॉक्स आणि प्रत्येकीवर आडवं लिहिलेलं: "फक्त पाहण्यासाठी". फोटो काढायचे नाहीत. विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, हाती आल्यावर प्रती द्यायच्या, त्याही घेणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून. आधार द्यायची वेळ आलीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार. मावशीच्या आधारचं बायोमेट्रिकही लॉक करून टाकलं. फाइलच्या पहिल्या पानावर जे प्रश्न प्रत्येक पार्टी विचारतेच त्यांची उत्तरं होती: रिडेव्हलपमेंटची बोलणी कुठवर, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, पार्किंग कुठलं, पाणी किती वाजता, मेंटेनन्स किती. या एका पानानं मावशीचं बोलणं निम्म्यावर आलं.

क्षेत्रफळाचं एक मजेशीर निघालं. चारही एजंट "नऊशे स्क्वेअर फूट" म्हणत होते. ताईनं आणि मी टेप लावून आतून आतून मोजलं, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ६४० भरलं. जुन्या करारात बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलेलं असतं आणि बोलण्यात ते आणखी फुगतं. आम्ही ६४० लिहिलं. काही फोन कमी आले, पण जे आले ते घरात शिरल्यावर चेहरा पाडून उभे राहिले नाहीत.

बाकी आवराआवर फारशी नव्हती. पॅसेजमधलं गोदरेजचं कपाट हलवलं तर पॅसेजला पॅसेजची रुंदी आली. तीन ट्यूब बदलल्या, बेडरूमच्या बिजागरीला तेल घातलं. बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात वरच्या बाथरूममधून उतरलेल्या ओलीचा डाग होता. एजंटचा सल्ला: पुट्टी मारून रंग लावा, पावसाळा संपलाय, दिसणार नाही. हे आम्ही केलं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेला न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगावाच लागतो. रंगाखाली ओल दडवली की आपणच तो दोष त्या वर्गात नेऊन बसवतो. वरच्यांकडून फरशीचं ग्राउटिंग (सांधे भरणं) करून घेतलं, बिल फाइलला लावलं, डाग तसाच ठेवला.

दसऱ्यानंतर

एजंट एकच ठेवला, चौघांतला सगळ्यात कमी बोलणारा. लेखी, सहा आठवड्यांसाठी. इकडं २ टक्के दलालीची भाषा असते, एकट्याला काम मिळतंय म्हणून तो दीडवर आला. बाकी तिघं रागावले. जाहिरातीत त्याचा नंबर, नवे फोटो, त्यात ना दाराचं लॅच, ना फ्लॅट नंबर, ना सोसायटीची पाटी.

वेळा दोनच. शनिवारी चार ते सहा, रविवारी दहा ते बारा. रविवारचे दहा अशासाठी की तेव्हा पूर्वेचं ऊन गॅलरीतून हॉलच्या अर्ध्या फरशीपर्यंत येतं आणि ते घर तेव्हाच सगळ्यात देखणं दिसतं. शुक्रवारी रात्रीपर्यंत नाव आणि नंबर यायला हवा, दोन पार्ट्यांत अर्ध्या तासाचं अंतर, एका वेळी चारच माणसं. एजंट म्हणाला, "साहेब, पार्टी हातची जाईल." एक खरंच गेली. आणखी एक जोडपं आयटीतलं, त्यांना रात्री नऊशिवाय जमत नव्हतं, त्यांच्यासाठी मी मुद्दाम एका बुधवारी जाऊन थांबलो.

मावशी आता बहुतेक ठाण्यातच होती, घर बंद. बंद घराची एक अडचण आम्हाला पहिल्याच शनिवारी कळली: दार उघडताच गटाराचा वास. नळ वापरात नसले की नहाणी ट्रॅपमधलं (जाळीखालच्या वाकड्या भागातलं, वास अडवणारं) पाणी सुकतं आणि वास सरळ वर येतो. तेव्हापासून कामाच्या बाई दर शुक्रवारी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल ओतायच्या. तेलाच्या तवंगानं पाणी लवकर उडत नाही. खिडक्या तासभर उघड्या ठेवायच्या. मीटर चालू, गॅसचा रेग्युलेटर काढलेला.

दाखवायला मी आणि बायको, दोघंही. एक जण दारापाशी, एक पार्टीबरोबर, आणि बरोबर म्हणजे मागून. पुढं होऊन दाखवायला लागलं की आपली पाठ त्यांच्याकडं होते आणि माणसं खोल्याखोल्यांत पांगतात. मागून चाललं की ती आपोआप एकत्र राहतात. क्रम ठरलेला: गॅलरी, हॉल, दोन बेडरूम, शेवटी स्वयंपाकघर आणि तिथंच टेबलावर फाइल.

दारापाशी शंभर पानी वही. नाव, नंबर, वेळ. नंबर लिहिला की मी म्हणायचो, "एक मिस्ड कॉल देता का, म्हणजे तुम्हाला लोकेशन आणि माहिती पाठवतो." नऊ आकडी नंबरची गोष्ट तिथंच संपली आणि कुणाला अपमानही वाटला नाही. ओळखपत्र नुसतं बघायचो, फोटो काढायचो नाही. आपल्या कागदांना जपायचं आणि दुसऱ्याचे गोळा करायचे हे बरं दिसत नाही.

वहीत शेवटचा रकाना मावशीनं फोनवरून सुचवलेला: जोड. दाराबाहेर चपलांचे जोड किती. आत शिरताना चार जोड होते, मग निघताना चारच माणसांनी पाय घालायला हवेत, तोवर दार लावायचं नाही. श्रावणातल्या त्या दुपारी जोड मोजले असते तर निदान आठ माणसं होती की नऊ, एवढं तरी कळलं असतं. मावशी अजूनही ठामपणे सांगते की एक जण मागाहून आला होता.

दसरा १२ ऑक्टोबरला झाला. तिथपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, दिवाळीचा आठवडा सोडून, वहीत चौदा पार्ट्या आहेत. अकराव्या नोंदीतलं कुटुंब कर्वेनगरात भाड्यानं राहणारं. ते तीनदा आले: रविवारी सकाळी, मग पाणी आणि पार्किंग बघायला एका संध्याकाळी, मग वडिलांना घेऊन. वडिलांनी खुर्चीवर चढून त्या डागाला हात लावला, बिल वाचलं, आणि त्या डागानं आमचे पन्नास हजार खाल्ले. ठीक आहे. विसार चेकनं, लेखी पावतीवर. पुढचं नेहमीचंच: बँकेचं मूल्यांकन, पुण्याचं ७ टक्के मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी फी, रक्कम ५० लाखांच्या वर म्हणून १ टक्का टीडीएस (घेणाऱ्यानं रकमेतून कापून सरकारला भरायचा कर). डिसेंबरात दस्त नोंदला गेला, ताबा जानेवारीअखेर.

ताब्याच्या दिवशी मावशी ठाण्याहून आली. रिकाम्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिनं वही मागवून घेतली. किल्ल्या घेताना त्या वडिलांनी विचारलं, "आणखी कुणाकडे आहे का हो एखादी?" मी पाचही मोजून दिल्या आणि म्हटलं, लॅच तरी बदलून घ्या. ते म्हणाले, माणूस सांगून ठेवलाय, चार वाजता येतोय. मावशीला जरा लागलं ते, पण बोलली नाही. वहीतली शेवटची ओळ तिच्याच अक्षरात आहे. त्यांचं नाव, वेळ साडेअकरा, आणि पुढं: "जोड ६. त्यातला एक माझा. किल्ल्या ५, दिल्या."